धनतेरसचा फॉर्म

पुसदच्या बाजारात आरोग्यविमा धनतेरसलाच काढायचा, ही रीत कुठल्या पोथीत नाही. ती इंद्रजितनं पाडली. दहा-बारा वर्षांपूर्वी त्याच्या ध्यानात आलं, की या दिवशी माणूस चमचा का होईना, पण काहीतरी नवं घरात आणतोच. त्यानं चमच्याच्या जागी पॉलिसी ठेवली. वडिलांच्या घरच्या ओसरीत सतरंजी, पाटावर धन्वंतरीचा फोटो, फोटोपुढे फॉर्मांचा गठ्ठा, गठ्ठ्यावर हळदकुंकू, आणि येणाऱ्याच्या हातावर पेढा. येणारा सही करायचा, चेक द्यायचा, पेढा तोंडात टाकून घरी जायचा. फॉर्म इंद्रजित मागाहून भरायचा.

फॉर्मच्या नवव्या पानावर आजारांची यादी असे. साखर आहे का, बीपी आहे का, छातीत कधी दुखलं का, असे एकवीस प्रश्न. एखादा भोळा माणूस सांगायला जायचा की मले थोडी साखर आहे, तर इंद्रजित हसून त्याच्या पाठीवर हात ठेवायचा. आज धन्वंतरीचा दिवस भाऊ, आज कागदावर आजाराचं नाव काढत नसतेत. लोकांना ते पटायचं. वहीच्या पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहिणारी माणसं ती. लक्ष्मीच्या तोंडावर 'हो, मला मधुमेह आहे' असं लिहून घेणारा एजंट त्यांना चमत्कारिक वाटला असता. एकवीसच्या एकवीस प्रश्नांना 'नाही'. खरी गोष्ट इतकीच, की 'हो' लिहिलं की तपासण्या आल्या, वाढीव हप्ता आला, कधी कंपनीचा नकारही आला. 'नाही' लिहिलं की महिन्याचं टार्गेट संध्याकाळच्या आरतीआधी पुरं.

पॉलिसी घरी आली की तिची जागा देवघरात. तिला दर धनतेरसला कुंकू लागे. तिची पूजा होई, वाचन कोणी करत नसे.

नलूचा नवरा श्रावण एकवीस सालच्या धनतेरसला त्या ओसरीत बसून आला होता. त्याची मिरची कांडायची आणि दळणाची गिरणी, आणि इंद्रजितशी शाळेपासूनची दोस्ती. घरी येऊन त्यानं नलूला सांगितलं होतं, की पेढा खाल्ला नाही, साखरेचं सांगितलं, तर इंद्रजित खो-खो हसला. सव्वादोन वर्षांनी श्रावणच्या छातीत कळ आली. नागपूरला अकरा दिवस काढून तो गेला. कंपनीचं पत्र तेरवी झाल्यावर आलं. विमाधारकाने मधुमेहाची माहिती दडवली, सबब दावा नामंजूर.

पैशाचं दुःख नलूनं केलं नाही असं नाही. दुसरं मशीन विकलं, गिरणीमागची जागा विकली. पण ते दुःख एक दिवस फिटणारं होतं. दुसरं फिटेना. कारण इंद्रजितनं चहाच्या टपरीवर, चार माणसांत, सुस्कारा टाकून सांगितलं होतं, की श्रावणभाऊनं जिगरी दोस्त असून मले सांगितलं नाही, लपवलं, आता मी काय करू. बाजारानं ते घेतलं. इंद्रजित जिवंत होता, रोज भेटत होता, गोड बोलत होता. श्रावणची बाजू मांडायला श्रावण नव्हता, आणि बायकोचा शब्द कोणी पुरावा धरत नाही.

गिरणीचा धंदा विश्वासावर चालतो. बाई आपली पाच किलो मिरची टाकून जाते आणि संध्याकाळी आपलंच तिखट परत न्यायला येते. ते आपलंच आहे, की कांडणाऱ्यानं चांगलं काढून हलकं भरलं, हे तिला कधी कळत नाही. श्रावणच्या हयातीत कोणी थांबून पाहिलं नाही. आता बायका मिरची कांडून होईतो ओट्यावर बसून राहू लागल्या. एकजण तर हसत हसत म्हणाली, तुमच्याकडे लपवायची सवय आहे म्हणून ऐकलं बाई. नलूनं तिला तिखट मोजून दिलं, वर मूठभर जास्त घातलं, आणि त्या दिवशी ठरवलं, की एक वाक्य इंद्रजितच्या तोंडून याच बाजारापुढे काढून घ्यायचं. श्रावणनं सांगितलं होतं, 'नाही' मी लिहिलं. बस. त्यापुढे काही नको आणि त्याखाली काही चालणार नाही.

सूड घ्यायचा तर आधी शत्रूची भाषा शिकावी लागते. यवतमाळच्या एका ग्राहक संस्थेनं विम्याच्या नव्या नियमांची माहिती गावोगाव द्यायला बायका निवडल्या, त्यात नलूनं नाव घातलं. बाकीच्या मानधनाकरता गेल्या होत्या. नलू नववं पान वाचायला गेली. दोन महिन्यांत तिला इतकं पाठ झालं, की शिकवणारेच तिला विचारू लागले.

मग व्यापारी संघाच्या हॉलमध्ये सोमवारी दुपारी तिची बैठक सुरू झाली. पहिल्या बैठकीला नऊजण आले, त्यातले चार समोशासाठी. ती उभी राहून साध्या भाषेत सांगायची. आता पॉलिसी सलग साठ महिने चालली की माहिती दडवली म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही, ठरवून केलेली फसवणूक सिद्ध केली तरच येतो. आधी हीच मुदत आठ वर्षं होती. दवाखान्यानं कॅशलेस मागितलं की कंपनीनं तासाभरात उत्तर द्यायचं आणि दवाखान्यातून घरी सोडताना तीन तासांच्या वर ताटकळत ठेवायचं नाही. घरच्या पॉलिसीवरचा जीएसटी गेल्या सप्टेंबरपासून गेला, पण दुकानातल्या नोकरांचा गट विमा काढाल तर त्यावर आहे. तरी सातजण जमत असतील तर काढा, त्यात जुने आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरतात. आणि सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही, पेन्शन असो, बंगला असो, पांढरं रेशनकार्ड असो, पाच लाखांपर्यंतचं सरकारी कार्ड मिळतं. आधारकार्ड आणि बोट, एवढंच लागतं. शेवटी ती न चुकता म्हणायची, घरी जा आणि देवघरातल्या फाइलीचं नववं पान उघडून पाहा. कोणी पाहिलं नाही. कुंकू लावलेली फाइल उगाच कोण उघडतो.

इंद्रजितचं नाव ती कधी घेत नसे. तो मात्र तिचं घ्यायचा. वहिनीच्या डोक्यावर परिणाम झाला, म्हणायचा. सरकारी कार्डाचा प्रचार करून राह्यली. ते कार्ड पिवळ्या रेशनकार्डवाल्याचं, आपल्यासारख्याले कोण उभं करते तिथं, जनरल वार्डात खाली गादी टाकून देतेत. हे त्यानं इतक्या ओट्यांवर, इतकी वर्षं सांगितलं होतं, की सांगता सांगता त्याला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं होतं. खोटं विकणाऱ्यानं आपला माल घरी वापरू नये, एवढं साधं पथ्य त्यानं पाळलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी तो गिरणीत आला. धुरपताबाई, श्रावणच्या वेळेपासून मिरचीचे देठ खुडणारी म्हातारी, दाराशीच बसली होती. तिनं त्याला पाहून देठ खुडणं थांबवलं, आणि नाकावरचा पदर काढला. इंद्रजित शिंकत शिंकत आत आला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं या उंबऱ्यात पाय ठेवला होता. हातात कंपनीचं पत्र होतं.

गोष्ट अशी झाली होती. त्याचे वडील वामनराव, रिटायर गुरुजी, वय चौऱ्याहत्तर. छातीत दुखलं म्हणून यवतमाळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. दोन ठिकाणी ब्लॉक निघाले. आजच्या आज नाही, पण आठ-दहा दिवसांत अँजिओप्लास्टी करून घ्या म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवलं. इंद्रजितनं मोठ्या दिमाखात पॉलिसी पुढे केली. एकवीस सालची धनतेरस. दरवर्षी पहिला फॉर्म घरचा, म्हणजे बाजाराला विश्वास वाटतो. कंपनीनं गुरुजींची जुनी कागदं मागवली. बीपीची गोळी पंधरा वर्षं चालू. फॉर्मवर 'नाही'. कॅशलेस नामंजूर. साठ महिने भरायला नऊ महिने कमी पडले होते.

नलूनं पत्र घेतलं आणि हळूहळू वाचलं. तेच अक्षर, तेच शब्द, फक्त नाव वेगळं. वाचून झाल्यावर तिनं ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं. इंद्रजित उभाच होता. गिरणीत दुसरी खुर्ची नव्हती असं नाही.

त्याचं म्हणणं होतं की तक्रार तिच्या हातची पाहिजे, तिला नवे नियम येतात. नलूनं सांगितलं, लिहून देईन. कंपनीला उत्तराला महिना, मग विमा लोकपाल, मग तारीख. निकाल काय लागेल ते मी सांगत नाही, पण आठ दिवसांत लागत नाही. हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं घर गहाण टाकायचं काढलं होतं, पण घर गुरुजींच्या नावावर, आणि गुरुजी सहीला तयार नव्हते. म्हणत होते, मेलो तर मेलो, घर जाऊ देणार नाही.

"वहिनी, बाप आहे माहा," इंद्रजित म्हणाला. "काही रस्ता असन तर सांगा."

"आहे एक."

त्यानं मान वर केली.

"एक पैसा लागत नाही. कागद लागला तर एक, आन तोही तुमच्या घरातच आहे. आठ दिवसांत होते."

"सांगा नं मंग."

"सोमवारी. संघाच्या हॉलमध्ये तुम्ही उभे राहायचं, आन माह्या मालकानं साखरेचं सांगितलं होतं, 'नाही' तुम्ही लिहिलं, हे सगळ्यांपुढे बोलायचं. तुमचं झालं की दुसऱ्या मिनिटाले मी सांगते."

 इंद्रजित हिशेब करून बोलू लागला. बंद खोलीत बोलतो. लिहून देतो. श्रावणच्या फोटोपुढे बोलतो. बाजारात बोललो तर धंदा उठन माहा, लेकरं आहेत मले. नलूनं त्याला मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि पत्राची घडी करून त्याच्या हातात दिली.

"तीन दिवस आहेत, वहिनी. बाबाले काही झालं तर?"

"माह्याजवळ अकरा होते," नलू म्हणाली.

तो गेल्यावर धुरपताबाईनं पदर पुन्हा नाकावर घेतला. "त्या म्हाताऱ्यानं तुहं काय केलं? रस्ता ठाऊक असून टांगून ठेवलं त्याले."

नलूनं मशीन चालू केलं. मशीनच्या आवाजात धुरपताबाईचं पुढचं ऐकू आलं नाही, आणि ऐकायचंही नव्हतं.

शनिवार तिला जड गेला. गुरुजींचं आणि तिचं वाकडं काही नव्हतं. श्रावणला त्यांनी चौथीपर्यंत शिकवलेलं. दिवसातून दहादा तिनं फोन उचलला आणि ठेवला. रस्ता म्हणजे काय होता? तिनं पाच बैठकांत माइकवर ओरडून सांगितलेली गोष्ट. बाजारातलं कोणतंही पोर सांगू शकलं असतं, ऐकलं असतं तर. दडवलेलं असं त्यात काही नव्हतं. मी फक्त सहाव्यांदा सांगत नाही आहे, असं तिनं स्वतःला समजावलं. ते अर्धंच पटलं.

रविवारी दुपारी गुरुजी स्वतःच आले. शंभर पावलांचं अंतर, पण दोनदा थांबून आले असावेत; धोतराला विजेच्या खांबाची धूळ लागली होती. नलूनं खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांना सौद्याची खबर नव्हती. इंद्रजित दोन दिवस जेवत नाही, तुझ्याकडून परत आल्यापासून असं आहे, काय झालं ते मला सांग, म्हणाले. एवढं बोलून त्यांनी छातीवर हात ठेवला आणि श्वास घेतला.

नलूच्या जिभेवर आलं. गुरुजी, तुमचं वय झालंय तेच तुमचं कार्ड आहे, उद्या सकाळी चला. तिनं तोंड उघडलंसुद्धा.

"मले ठाऊक आहे तुहा राग कायचा आहे तो," गुरुजी तिच्या आधी बोलले. "मी तिथंच होतो नं त्या दिवशी. श्रावण माह्या बाजूले बसला होता. पेढा नाही घेतला त्यानं. साखर आहे म्हणून सांगितलं. इंद्र हसला. मी ऐकलं सगळं."

गिरणीत कोणी नव्हतं. धुरपताबाई रविवारी येत नसे.

"मंग बाजारात श्रावणचं नाव खराब झालं तवा?"

गुरुजींनी पाण्याचा गिलास खाली ठेवला. "पोटचा आहे तो," म्हणाले. "अन श्रावण तर गेलता."

नलूनं तोंड मिटलं. जिभेवर आलेलं सगळं तिनं गिळलं, आणि गुरुजींना सांगितलं की काळजी करू नका, उद्या सोमवार आहे, उद्या सगळं होईल. रिक्षा बोलावून त्यांना बसवून दिलं. रिक्षावाल्याला हळू चालव म्हणून बजावलंही. रात्री तिला झोप लागली, आणि चांगली लागली.

सोमवारी हॉल भरला. इंद्रजितभाऊ बोलणार म्हटल्यावर समोशाची गरज पडली नाही. काहींना वाटलं नवी स्कीम आहे. उज्ज्वला बांगडीवाली पहिल्या रांगेत येऊन बसली होती. घरच्या पाचही जणांच्या पॉलिसी तिनं इंद्रजितकडून काढल्या होत्या, सगळ्या बावीसच्या धनतेरसच्या.

इंद्रजित उठला. पांढरा शर्ट, कपाळाला टिळा. आधी त्यानं संघाचे आभार मानले, मग सगळ्यांच्या प्रेमाचे. मग म्हणाला की इतक्या वर्षांच्या सेवेत माणसाच्या हातून काही त्रुटी राहून जातात. नलू भिंतीला टेकून उभी होती. तिनं पर्समधला फोन काढून घड्याळ पाहिलं. तेवढं त्यानं पाहिलं.

मग तो भरभर बोलला. तो श्रावणचा फॉर्म मी भरला. त्यानं साखर सांगितली होती. मी 'नाही' लिहिलं. सणाच्या दिवशी सगळ्यांचंच तसं लिहितो.

शेवटचं वाक्य त्याला मागितलं नव्हतं. ते आपोआप निघालं, आणि तेवढंच लोकांनी ऐकलं. हॉलमध्ये एकदम चाळीस फोन निघाले. देवघरातली फाइल काढ, नववं पान पाय, अवं कुंकू पुसून टाक नं. कोणाची बायको म्हणे सगळं इंग्रजीत आहे. कोणाचा पोरगा फोटो काढून पाठवत होता. उज्ज्वलाच्या सुनेनं पलीकडून वाचून दाखवलं, आणि उज्ज्वला उभी राहून म्हणाली, माह्या सासूचं बायपास झालं होतं नं रे भडव्या, तू भेटाले आलता दवाखान्यात मोसंब्या घेऊन.

नलू पाहत राहिली. चार वर्षांपूर्वीच्या धनतेरसपासून आतापर्यंत जे व्हायला हवं होतं ते झालं होतं. बाजार चिडला होता, इंद्रजित उघडा पडला होता. पण त्या सगळ्या गोंधळात श्रावणचं नाव एकाच्याही तोंडी नव्हतं. जो तो आपापल्या पानावर वाकला होता. मेलेल्याची अब्रू परत आली की नाही, हे पाहायला कोणाला वेळ नव्हता.

ती पुढे गेली आणि माइक इंद्रजितच्या हातातून काढला, तोंडाशी धरला.

"फोन ठेवा सगळे. दोन मिनिटं. कोणाचं पान पळून नाही जात." मग तिनं माइक त्याच्यापुढे केला. "पुन्हा सांगा. नाव घेऊन, आन सावकाश. आन टपरीवर काय सांगितलं होतं तेही."

त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, की एखाद्यानं दयाच केली असती. नलूनं माइक हलवला नाही. हॉल गप्प झाला. इंद्रजितनं पुन्हा सांगितलं. श्रावणनं मला साखरेचं सांगितलं होतं. मी लिहिलं नाही. तो गेल्यावर त्यानं लपवलं म्हणून मी खोटं सांगितलं. श्रावण खोटा नव्हता. हे शेवटचं तो न सांगता बोलला, आणि बोलताना त्याचा आवाज फुटला. नलूला त्याचं काही वाटलं नाही. तिनं वाटेल का म्हणून आत चाचपून पाहिलं, तिथं काही नव्हतं.

मग तिनं आपलं काम केलं. रागारागात कोणी पॉलिसी बंद करू नका, सांगितलं. बंद केली की महिने पुन्हा एकपासून मोजायचे. वीसच्या धनतेरसच्या आणि त्याआधीच्या, खंड न पडलेल्या पॉलिसीचे साठ महिने भरले, त्यांना आता मोठा धोका नाही. एकवीसपासून पुढचे लटकले. त्यांनी आपापला आजार स्वतः कंपनीला लिहून कळवा, पोच घ्या, हप्ता वाढला तर वाढू द्या. कागद मी लिहून देईन, बुधवारपासून गिरणीत या. लोक निमूट ऐकत होते. पाच बैठकांत मिळून इतकं कोणी ऐकलं नव्हतं.

"आन आता इंद्रजितभाऊंचं," ती म्हणाली. "त्यांच्या वडिलांचं ऑपरेशन आहे. गुरुजी चौऱ्याहत्तरचे. सत्तरच्या वरच्या कोणालेही सरकारी कार्ड आहे, पाच लाखांचं. पेन्शन असो का पांढरं रेशनकार्ड असो. आधार आन बोट, बस. याच हॉलमध्ये पाच वेळा सांगितलं आहे मी."

मागच्या बाजूला कोणीतरी फसकन हसलं. मग दुसरा हसला.

इंद्रजित तिच्या शेजारीच उभा होता. माइकमध्ये जाणार नाही इतक्या हळू आवाजात त्यानं विचारलं, "एवढंच?"

"एवढंच," नलू म्हणाली.

मंगळवारी कार्ड झालं. नलू स्वतः गुरुजींना घेऊन केंद्रावर गेली. खडू धरून झिजलेलं बोट मशीन घेत नव्हतं, तर चौथ्या बोटावर भागलं. यवतमाळलाच, यादीतल्या दुसऱ्या दवाखान्यात, शनिवारी ऑपरेशन झालं आणि नीट झालं. दरम्यान बाजारात इंद्रजितच्या नमस्काराला उत्तर देणं बंद झालं होतं, आणि गिरणीच्या ओट्यावर राखणीला बसणाऱ्या बायका मिरची टाकून निघून जाऊ लागल्या होत्या. एवढ्यावर थांबता आलं असतं. धुरपताबाई तसं म्हणालीसुद्धा. पण बाजार आज ऐकतो आणि उद्या विसरतो, हे नलूनं पाहिलेलं होतं. कंपनीच्या दप्तरात श्रावण अजून माहिती दडवणाराच होता, आणि एजंटाच्या यादीत इंद्रजितचा नंबर अजून चालू होता.

सोमवारी ती एसटीनं यवतमाळला गेली. इंद्रजित वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसला होता. तिला पाहून त्यानं पाय आत ओढले, जायला वाट करून दिली. गुरुजी उशीला टेकून बसले होते, चेहऱ्यावर रंग आला होता. तिनं मोसंब्या ठेवल्या नाहीत. पिशवीतून टाइप केलेला कागद काढून दिला.

गुरुजींनी चष्मा लावला आणि मास्तरासारखं ओळीवर बोट ठेवून वाचलं. मौजे पुसद येथे माझ्या राहत्या घरी माझ्यासमोर श्रावण यांनी आपणांस मधुमेह असल्याचे एजंट, माझा मुलगा इंद्रजित, यास सांगितले. ते मी स्वतः ऐकले. खाली सहीची जागा.

"याचं काय होईन?"

"श्रावणचा दावा पुन्हा उघडावा म्हणून अर्ज आहे. आन एजंटाविरुद्ध तक्रार. लायसन जाईन त्याचं बहुतेक."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दाराबाहेर बाकावर बसलेल्या माणसाचा खांदा आतून दिसत होता.

"एक विचारतो, बाई. मी रविवारी आलतो गिरणीत. छाती धरून बसलो होतो तुह्यापुढे. तवा तुले कार्डाचं ठाऊक होतं."

"होतं."

"मंग काहून नाही सांगितलं?"

"सांगणार होती. तोंडात आलतं. मंग तुम्ही ऐकलं होतं म्हणाले, आन दोन वर्षं गप्प राह्यले."

"मेलो असतो तर?"

नलूनं खोटं बोलायचं ठरवलं असतं तर ही जागा होती. "मेले असते," ती म्हणाली.

गुरुजींनी पेन मागितलं. सलाइनची सुई उजव्या हाताला होती म्हणून वेळ लागला, पण सही वळणदार केली, खाली तारीख घातली, वेळसुद्धा घातली. कागद घडी न करता परत दिला.

"हे खरं आहे म्हणून सही केली," ते म्हणाले. "आता माह्या घरी येऊ नको. माह्या तेरवीलेही येऊ नको."

"बरं," नलू म्हणाली.

तिनं कागद फाइलीत ठेवला, फाइल पिशवीत. त्यांच्या पाया पडावं असं सवयीनं हात पुढे झाले होते, ते तिनं मागे घेतले. बाहेर इंद्रजित उभा राहिला. आत काय झालं ते त्याला ऐकू गेलं असावं. नलू त्याच्यासमोरून गेली, जिन्यानं खाली उतरली, आणि रस्त्यावर आल्यावर पहिल्याच माणसाला विचारलं, की पोस्टात स्पीड पोस्टची खिडकी किती वाजेपर्यंत उघडी असते.